सील केलेल्या डब्यांचा मालक कोण?

माझ्या मामूंच्या बेकरीच्या मागच्या खोलीत तेलाचे अकरा डबे सात महिने तसेच पडून होते. प्रत्येक डब्याला दोरा, दोऱ्यावर लाख, लाखेवर शिक्का. मैद्याची पोती आत आणताना कामगार डब्यांना वळसा घालून जायचे. चुकून पाय लागला आणि सील तुटलं तर काय, ही भीती. तेल मामूंनी रोख पैसे देऊन आणलेलं, खोलीचं भाडं मामूच भरत होते, पण त्यातला एक थेंब वापरायचा हक्क त्यांना नव्हता. आणि ज्यांनी सील ठोकलं, ते पुन्हा फिरकलेच नव्हते.

गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं. रमजानचा शेवटचा आठवडा होता. बेकरीवाल्याची वर्षाची निम्मी कमाई या दिवसांत होते, हे आपल्यापैकी कुणाला वेगळं सांगायला नको. दुपारी दोन अन्नसुरक्षा अधिकारी आले. भट्टी पाहिली, फ्रीज उघडला, बिलं मागितली. फ्रीजमध्ये चाळीस किलो मावा होता. त्याचं बिल मामूंकडे नव्हतं. मावावाला नेहमीप्रमाणे साध्या चिठ्ठीवर माल टाकून गेला होता. माव्याला वास येतोय, असं अधिकारी म्हणाले. मामू म्हणाले, सकाळीच आलाय. संध्याकाळपर्यंत तो मावा गावाबाहेर खड्ड्यात गेला, वर फिनेल ओतलं गेलं. तेलाच्या डब्यांवरचं लेबल संशयास्पद वाटलं म्हणून एका डब्यातून नमुना घेतला, सगळे डबे सील केले आणि मामूंच्याच ताब्यात ठेवले. शेजारच्या किराणा दुकानदाराने जामीन म्हणून सही केली. मामूंनीही सह्या केल्या, मोजल्या नाहीत, पण पाच-सहा तरी. रात्री मी पुण्याहून फोन केला आणि कशाकशावर सही केलीत असं विचारलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "साहब बोले सही करो, मैं किया."

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोपर्यंत निकाल लागलेला होता. मामेभावाने लिहिलं, अपनेच लोगां को पकडते. खाली रागाच्या इमोजींची रांग. मी काहीच लिहिलं नाही, कारण मला खरंच माहीत नव्हतं की अधिकाऱ्यांनी जे केलं ते कायद्यात बसतं की नाही. आणि ग्रुपवरच्या बेचाळीस माणसांपैकी, ज्यांत तीन इंजिनिअर, एक फार्मासिस्ट आणि दोन शिक्षक आहेत, कुणालाही माहीत नव्हतं.

मी वकील नाही. सॉफ्टवेअर लिहितो. पण दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून "ही अट पूर्ण झाली नाही तर पुढे काय होतं" हे शोधणं हे माझं रोजचं काम आहे. त्या रात्री सेहरीपर्यंत मी अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ वाचला. वाचून दोन गोष्टी कळल्या. एक, मामूंकडे बरेच हक्क होते आणि ते त्यांनी सह्या करता करता सोडून दिले. दोन, जिथे मामूंनी काहीही केलं असतं तरी उपयोग झाला नसता अशी एक जागा कायद्यातच रिकामी आहे.

आधी अधिकार. कलम ३८ प्रमाणे अन्नसुरक्षा अधिकारी विक्रीसाठी ठेवलेल्या कुठल्याही खाद्यपदार्थाचा नमुना घेऊ शकतो. पदार्थ बनतो किंवा साठवला जातो तिथे जाऊन तपासणी करू शकतो. कायद्याचं उल्लंघन झालंय असं त्याला "दिसलं" तर तो माल जप्त करू शकतो. सिद्ध व्हायची गरज नाही, दिसणं पुरे. जप्त माल तो दुकानदाराच्याच ताब्यात ठेवू शकतो आणि मालाच्या किमतीइतकं बंधपत्र जामिनासह लिहून घेऊ शकतो. नाशवंत माल खाण्यालायक राहिलेला नाही अशी त्याची खात्री झाली, तर लेखी नोटीस देऊन तो नष्ट करू शकतो. भेसळीसाठी वापरता येईल असा पदार्थ दुकानात सापडला आणि तो कशासाठी ठेवलाय हे पटवून देता आलं नाही, तर तोही जप्त. आणि तो भेसळीसाठी नव्हता हे सिद्ध करायची जबाबदारी दुकानदाराची. सील केलेल्या मालाला हात लावला, हलवला, तर कलम ६० प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दोन लाख रुपयांपर्यंत दंड. म्हणजे कामगार डब्यांना वळसा घालत होते ते उगीच नव्हे.

मोठे अधिकार आहेत. असायलाही हवेत. ज्या देशात दुधात युरिया आणि मिरचीत रंग सापडतो, तिथे मालाला हात लावायच्या आधी अधिकाऱ्याने कोर्टाची पायरी चढावी असं म्हणणं वेडेपणाचं होईल. तोवर माल गायब झालेला असेल.

पण याच कायद्यात प्रत्येक अधिकाराला एक कागद बांधलेला आहे. तपासणी करताना, नमुना घेताना, नाशवंत माल नष्ट करताना अधिकाऱ्याने किमान एक साक्षीदार हजर ठेवून त्याची सही घेतली पाहिजे. नमुन्याची किंमत बाजारभावाने दुकानदाराला दिली पाहिजे. हिशेबाच्या वह्या वरिष्ठांच्या पूर्वपरवानगीशिवाय नेता येत नाहीत, आणि नेल्या तर तीस दिवसांत परत करायच्या. जागेची झडती घेताना पोलिसाला वॉरंट घेऊन झडती घेताना जे नियम लागतात, तेच शक्य तितके याला लागतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कलम ४७. नमुन्याचे साधारणपणे चार भाग करायचे, चारही सील करायचे, त्यांवर दुकानदाराची सही किंवा अंगठा घ्यायचा. एक भाग सरकारी अन्न विश्लेषकाकडे जातो. दोन भाग वरच्या अधिकाऱ्याकडे, ज्याला कायद्यात डेझिग्नेटेड ऑफिसर म्हणतात, त्याच्याकडे राखून ठेवतात. चौथा भाग तुमचा. म्हणजे तुम्ही मागणी केलीत तर तो अधिस्वीकृती असलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. दोन अहवाल जुळले नाहीत तर राखून ठेवलेल्यांतला एक भाग रेफरल प्रयोगशाळेत जातो आणि तिचा निर्णय अखेरचा. आमच्या क्षेत्रात याला बॅकअप म्हणतात. कायदा लिहिणाऱ्याने विचार केलेला होता: सरकारी प्रयोगशाळाही चुकू शकते.

पण "मागणी केलीत तर" या तीन शब्दांत सगळं अडकलंय. मामूंनी मागणी केली नाही, कारण मागता येतं हेच माहीत नव्हतं. त्यांच्यासमोर जो छापील कागद ठेवला होता, त्यात चौथा भाग दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवायचा आहे का, याची जागा होती. तिथे "नाही" लिहिलेलं होतं. अक्षर मामूंचं नव्हतं. खाली सही मामूंची.

अहवालाविरुद्ध अपील करता येतं हेही त्यांना माहीत नव्हतं. विश्लेषकाचा अहवाल विरोधात गेला तर तो मिळाल्यापासून तीस दिवसांत डेझिग्नेटेड ऑफिसरकडे अपील करायचं असतं. आपल्याकडे कित्येक जण तो अहवाल घडी घालून खणात ठेवतात आणि नोटीस आली की वकील शोधायला निघतात. तोपर्यंत तीस दिवस कधीच गेलेले असतात.

इथपर्यंत दोष आपला म्हणता येईल. पुढचा नाही.

विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून चौदा दिवसांत अहवाल द्यावा असं कलम ४६ म्हणतं. मामूंच्या तेलाचा अहवाल यायला साडेसहा महिने लागले. या काळात डब्यांचं काय करायचं? जप्ती कधी संपते? चौदा दिवसांत अहवाल आला नाही तर सील आपोआप सुटतं का? मी कायदा पुन्हा पुन्हा वाचला. जप्तीला मुदत घालणारी ओळ मला त्यात सापडली नाही. प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर इथे टाइमआउट लिहिलेलाच नाही. उत्तर येईपर्यंत थांबायचं, उत्तर आलं नाही तर थांबूनच राहायचं.

गंमत अशी की जुन्या कायद्यात हे होतं. २०११ च्या ऑगस्टमध्ये नवा कायदा प्रत्यक्ष लागू होण्यापूर्वी देशात १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा चालायचा. तो इन्स्पेक्टर राजसाठी बदनाम होता, आणि बऱ्याच अंशी खरंच होता. पण त्याच्या कलम ११ मध्ये अशी तरतूद होती की जप्त केलेला माल लवकरात लवकर, आणि विश्लेषकाचा अहवाल आल्यावर फार तर सात दिवसांत, मॅजिस्ट्रेटपुढे हजर करायचा. इतकंच नव्हे, ज्याचा माल जप्त झाला तो स्वतः मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू शकत होता आणि मॅजिस्ट्रेट इन्स्पेक्टरला माल घेऊन ये असं फर्मावू शकत होता. माल जप्त राहील, नष्ट होईल की मालकाला परत मिळेल, हे न्यायाधीश ठरवायचा. नव्या कायद्याने दंड वाढवले, प्रयोगशाळांची उतरंड उभी केली, बऱ्याच गुन्ह्यांतून तुरुंग काढून फक्त आर्थिक दंड ठेवला. चांगलं केलं. पण हे करताना सील केलेल्या मालावरची न्यायाधीशाची नजर काढून घेतली. आता जप्त करणारा अधिकारी, त्याचा वरिष्ठ आणि त्या वरिष्ठाचा आयुक्त, एवढ्याच पायऱ्या. सगळ्या एकाच इमारतीत.

अधिकाऱ्याने उगाच त्रास देण्यासाठी, कसलंही वाजवी कारण नसताना माल जप्त केला तर? कलम ३९ आहे. अधिकाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे वाचून मला क्षणभर बरं वाटलं. मग त्याच कलमाचं परंतुक वाचलं: तक्रार खोटी ठरली तर तक्रारदाराला कमीत कमी पन्नास हजार रुपये दंड, जास्तीत जास्त एक लाख. अधिकाऱ्याच्या दंडाला खालची मर्यादा नाही, तक्रारदाराच्या दंडाला आहे. तेहतीस हजारांच्या मालासाठी पन्नास हजारांची जोखीम कुठला बेकरीवाला घेईल?

२०१५ ची मॅगीची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. तेव्हा आपण हॉस्टेलमधून, ऑफिसच्या पॅन्ट्रीमधून तिच्यासाठी हळहळत होतो. ५ जूनला केंद्रीय प्राधिकरणाने मॅगीवर बंदीचा आदेश काढला. कंपनीने देशभरातून माल परत मागवला, सुमारे ३२० कोटी रुपयांचा, आणि तो जाळला गेला. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. १३ ऑगस्टला न्यायमूर्ती व्ही. एम. कानडे आणि बी. पी. कुलाबावाला यांच्या खंडपीठाने बंदी रद्द केली. कारणं दोन होती. कंपनीला बाजू मांडायची संधी दिली गेली नव्हती, आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांना कायद्याला हवी तशी अधिस्वीकृती नव्हती. तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा चाचण्या झाल्या, शिसं मर्यादेत निघालं, नोव्हेंबरमध्ये मॅगी दुकानात परत आली. दहा आठवड्यांत निकाल. मामूंचे डबे त्याच्या तिप्पट काळ पडून होते. मॅगीचा खटला ज्या दोन तत्त्वांवर जिंकला गेला, ती दोन्ही मामूंनाही लागू आहेत. फक्त त्यांच्याकडे ज्येष्ठ वकील नव्हता, आणि त्यांच्या खारीसाठी देश हळहळला नाही.

प्रयोगशाळांची ही अवस्था एखाद्या खटल्यापुरती नव्हती. महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या, २०१७ च्या अहवालात नोंद आहे की तपासलेल्या ७२ सरकारी अन्न प्रयोगशाळांपैकी ६५ कडे राष्ट्रीय अधिस्वीकृती नव्हती. म्हणजे ज्या यंत्राच्या उत्तरावर एखाद्याचं दुकान टिकणार की बुडणार हे ठरतं, ते यंत्रच बहुतेक ठिकाणी तपासलेलं नव्हतं.

आता माव्याबद्दल. तेलाचा निदान अहवाल तरी आला. माव्याचा नमुनाच घेतला गेला नव्हता. कलम ३८ मी वाचतो तेव्हा मला असं दिसतं की जप्त केलेल्या मालाचाही नमुना विश्लेषकाकडे जायला हवा. नाशवंत माल नष्ट करायची मुभा त्याच्या पुढे येते. पण नाशवंत मालाबाबत कायद्याने सगळं अधिकाऱ्याच्या "खात्री"वर सोडलंय, आणि खात्री नाकाने झाली तरी चालते. माल खड्ड्यात गेला की पुरावाही खड्ड्यात जातो. तो मावा खराब होता की नव्हता, हे आता कधीच कळणार नाही. मामूंना नाही, अधिकाऱ्याला नाही, मलाही नाही. शंभर ग्रॅम बर्फात ठेवायला कितीसा वेळ लागला असता?

मग मामेभावाचं म्हणणं. आपल्यालाच पकडतात का? प्रश्न टाळण्यासारखा नाही, म्हणून मला जे कळलं ते सांगतो. त्याच दिवशी, त्याच बाजारात, अधिकारी आणखी दोन दुकानांत गेले होते. एक मिठाईचं, एक फरसाणचं. दोन्ही दुकानदार हिंदू. मिठाईवाल्याचाही मावा गेला. सणाआधी तपासण्या होतात, दिवाळीआधी होतात तशाच ईदच्या आधीही. तेव्हा छापा आपल्यावरच पडला असं मी म्हणणार नाही. पण त्या संध्याकाळी मावा खड्ड्यात टाकतानाचा व्हिडिओ गावातल्या ग्रुपांवर फिरला, तो फक्त मामूंच्या दुकानाचा होता. बेकरीचा बोर्ड स्पष्ट दिसेल असा काढलेला. मिठाईवाल्याचा कुणी काढला नाही. कायद्याने काय म्हटलंय? अपराध्याचं नाव-गाव वर्तमानपत्रात छापायची तरतूद कलम ६४ मध्ये आहे, पण ती दोषी ठरून पुन्हा तोच गुन्हा करणाऱ्यासाठी, आणि तेही कोर्टाने सांगितलं तर. इथे नमुना अजून प्रयोगशाळेत पोहोचलाही नव्हता. भेदभाव शोधायचा असेल तर तो मला अधिकाऱ्याच्या बॅगेपेक्षा त्या मोबाइलमध्ये जास्त दिसला.

दोन गोष्टींची गल्लतही आपण फार करतो. रस्त्यात टेम्पो अडवून मांस "जप्त" करणारी टोळी आणि अन्नसुरक्षा अधिकारी यांचा काडीचा संबंध नाही. कलम ३७ प्रमाणे नेमणूक झालेल्या अधिकाऱ्याशिवाय कुणालाही या कायद्याखाली तुमच्या मालाला हात लावता येत नाही. गोवंश हत्याबंदीचा राज्याचा कायदा वेगळा आहे, आणि त्यातही झडती-जप्तीचा अधिकार ठरावीक दर्जाच्या पोलिसाला किंवा सरकारने नेमलेल्या माणसाला आहे, गळ्यात उपरणं घातलेल्या कुणालाही नाही. २०१६ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्या कायद्यातलं परराज्यातून आणलेलं मांस बाळगण्याबद्दलचं कलम आणि निर्दोषत्व सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर टाकणारं कलम, दोन्ही रद्द केली होती. तेव्हा समोर कोण उभा आहे आणि कुठल्या कायद्याने उभा आहे, हा पहिला प्रश्न. ओळखपत्र मागणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

याच अन्न कायद्याचा वापर आरोग्याच्या पलीकडे होऊ शकतो, हेही खरं. कलम ३० आयुक्ताला सार्वजनिक आरोग्याच्या हितासाठी एखाद्या पदार्थावर एक वर्षापर्यंत बंदी घालू देतं. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी याच कलमाने आली, आणि ती यायलाच हवी होती. आपल्या मोहल्ल्यांतली तोंडं पाहिली आहेत मी. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेशात हलाल प्रमाणपत्र असलेल्या पदार्थांवर बंदी आली, तीही याच कलमाने. निर्यातीसाठीचा माल मात्र वगळला. पाकिटावरच्या शिक्क्याने देशातल्या माणसाच्या आरोग्याला धोका आणि परदेशातल्या माणसाच्या आरोग्याला नाही, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

पण म्हणून अन्न तपासणीच आपल्याविरुद्धचं हत्यार आहे असं मानणं चूक ठरेल. बाजार तपासणं आपल्याला परकं नाही. मदिनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली, ही हदीस आपण लहानपणापासून मदरशात ऐकतो. वरून कोरडं, आत ओलं. पण पुढचा तपशील आपण पटकन ओलांडून जातो. त्यांनी आधी विक्रेत्याला विचारलं की हे काय आहे. तो म्हणाला, पावसाने भिजलं. मग ओला भाग वर का ठेवला नाहीस, लोकांना दिसला असता, असं त्यांनी सुनावलं, आणि फसवणुकीबद्दल कडक शब्दांत बजावलं. म्हणजे हात घालून पाहणं आहे, विचारणं आहे, उत्तर ऐकणं आहे आणि फसवणुकीला माफी नाही. मला कलम ३८ वाचताना हाच क्रम आठवत होता. आणि मामूंच्या फ्रीजमधला बिन-बिलाचा मावाही आठवत होता. तो वरून कोरडा होता की आत ओला, हे मामूंनाही ठाऊक नव्हतं, कारण कुणाकडून कधीचा माल येतो याची नोंदच त्यांनी कधी ठेवली नव्हती. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सरकारकडे मागायचं ते मला अगदी थोडं दिसतं. जप्तीला मुदत हवी: ठरलेल्या दिवसांत अहवाल आला नाही तर मालकाला मॅजिस्ट्रेटकडे जाऊन माल सोडवून मागता आला पाहिजे, १९५४ च्या कायद्यात जाता येत होतं तसं. नाशवंत माल नष्ट करण्याआधी त्याचा सील केलेला नमुना आणि तारीख-वेळेसह फोटो सक्तीचा हवा. चौथ्या भागाची मागणी "नाही" हे उत्तर धरून न चालता दुकानदाराच्या हाताने, त्याला वाचता येईल अशा भाषेत लिहून घेतली पाहिजे. आणि जप्तीच्या पावतीवर एक क्रमांक, जो मोबाइलवर टाकला की नमुना कुठे पोहोचला ते दिसेल. दोनशे रुपयांच्या चपलेचं पार्सल कुठल्या गोदामात आहे ते मला दिसतं. हे बनवायला फार तर दोन महिने लागतील. मी या धंद्यातला आहे, अंदाज खोटा सांगत नाही.

आपल्या वस्त्यांकडे मागायचं ते जास्त आहे. आपल्यापैकी किती तरी जणांच्या घरात बेकरी आहे, मटणाचं दुकान आहे, बिर्याणीचा हातगाडा आहे, खालांचा घरगुती समोशांचा धंदा आहे. त्यातल्या कितींकडे नोंदणी किंवा परवाना आहे, आणि असला तर त्याची मुदत कधी संपते, हे घरातल्या शिकलेल्या पोराला माहीत असतं का? मला नव्हतं. मामूंचा परवाना मी त्या ईदनंतर पाहिला, तर पत्ता जुन्या दुकानाचा. अर्ज ऑनलाइन होतो, अर्ध्या तासाचं काम. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर एक लॅपटॉप घेऊन बसलात तर महिन्याभरात गल्ली पूर्ण होईल. बिलं ठेवायची फाइल, फ्रीजला थर्मामीटर, आणि भिंतीवर एक कागद: अधिकारी आले की चहा नंतर, आधी ओळखपत्र, प्रत्येक कागद वाचून सही, रिकाम्या जागेवर सही नाही, चौथा भाग मागायचा, पंच म्हणून स्वतःचा नोकर नको, शेजारचा दुकानदार. आवाज चढवायचा नाही. अधिकाऱ्याचं काम अडवणं हाही गुन्हा आहे, आणि व्हिडिओ काढणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

हे करून पक्षपाती अधिकारी सरळ होईल असा माझा भाबडा समज नाही. पण कागद नीट असला की अपिलाला काहीतरी हातात असतं. मामूंच्या हातात काहीच नव्हतं.

तेलाचा अहवाल आला तेव्हा त्यात लिहिलं होतं की नमुना मानकांप्रमाणे आहे. आणखी दोन आठवड्यांनी सील काढायचं पत्र आलं. डब्यांवरची वापराची तारीख तोवर उलटून गेली होती. ते तेल वापरलं असतं तर मामू खरोखरच गुन्हेगार ठरले असते. शेवटी साबणवाल्याने अकरा डबे पडेल भावात उचलले. मामूंनी आता मावावाला बदललाय. जुना म्हणाला होता, चाचा, इतकी वर्षं झाली, आता बिल मागता? नवा किलोमागे वीस रुपये जास्त घेतो, पण बिल देतो. भिंतीवरचा कागद मी उर्दू आणि मराठीत छापून दिला. गेल्या रमजानमध्ये पुन्हा तपासणी झाली. मामूंनी चौथ्या भागाच्या जागी स्वतःच्या हाताने "होय" लिहिलं, तेव्हा अधिकाऱ्याने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि विचारलं, "चाचा, हे कुणी शिकवलं?" मामूंनी भिंतीकडे बोट दाखवलं. ते वाचून अधिकाऱ्याने कागदाचा फोटो काढून घेतला. कशासाठी, ते त्याने सांगितलं नाही.